तुम्ही विचारलेत म्हणून: एका जेवणाने एकटेपणा जातो का?

एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांना रेस्टॉरंटमध्ये एकत्र जेवायला बसवण्याचे काम मी करते, हे कळल्यावर बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: दोन तास अनोळखी लोकांबरोबर जेवून कोणाचा एकटेपणा खरोखर कमी होतो का? एका जेवणाने होत नाही, हे मी आधीच मान्य करते. दुसऱ्या आणि तिसऱ्या जेवणाने होऊ लागतो, आणि म्हणून माझे खरे काम पहिले जेवण पार पडल्यानंतर सुरू होते.

एकटे असणे आणि एकटेपणा वाटणे या वेगळ्या गोष्टी आहेत. जी नाती आपल्याला हवी असतात आणि जी प्रत्यक्षात वाट्याला येतात, त्यांच्यातल्या अंतराला अभ्यासक एकटेपणा म्हणतात. त्यामुळे भरल्या घरातला माणूसही एकटा पडू शकतो आणि एकटा राहणारा पुरता समाधानी असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५च्या अहवालात जगातील सहापैकी एका माणसाला एकटेपणा ग्रासतो असे म्हटले आहे. ब्रिटनने तर २०१८ मध्येच या विषयाची जबाबदारी एका मंत्र्याकडे सोपवली होती. २०२५च्या जागतिक आनंद अहवालात एकत्र जेवण्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. इतरांबरोबर अधिक वेळा जेवणारे लोक आपल्या आयुष्याविषयी अधिक समाधानी असल्याचे त्यात दिसते, आणि अमेरिकेत २०२३ मध्ये सुमारे चारपैकी एकाने आदल्या दिवशीची सगळी जेवणे एकट्याने केल्याचे सांगितले होते. एकत्र जेवल्याने माणसे समाधानी होतात की समाधानी माणसेच एकत्र जेवतात, हे अशा आकड्यांवरून ठरवता येत नाही. मी जे पाहिले आहे त्यावरून मात्र पहिल्या शक्यतेवर माझा विश्वास आहे.

रेस्टॉरंटच कशासाठी, असेही विचारले जाते. कोणाच्या घरी जमायचे म्हटले की एक जण यजमान होतो आणि बाकीचे पाहुणे. यजमानावर राबण्याचा भार येतो, पाहुण्यांवर उपकाराचा, आणि परतफेड जमणार नाही या संकोचाने अनेक जण पुन्हा येतच नाहीत. रेस्टॉरंटमध्ये सगळे सारख्याच नात्याने बसतात, प्रत्येक जण आपापले बिल देतो (हे मी बोलावतानाच सांगते, कारण अखेरीस पैशांवरून होणारी ओढाताण आधीच्या गप्पांवर पाणी फिरवते), आणि कोणालाही आपला पत्ता दुसऱ्याला द्यावा लागत नाही. स्त्रियांच्या दृष्टीने ही शेवटची गोष्ट फार मोलाची आहे. शिवाय बोलणे अडते तेव्हा तिथली व्यवस्थाच मदतीला येते. सुरुवातीला मेनूकार्ड असते, काय मागवायचे यावर मत देणे कोणालाही जमते, वेटर मध्येच येऊन गेला की अवघडलेली शांतता आपोआप मोडते, आणि हात व तोंड कामात असल्याने क्षणभर गप्प बसणे खटकत नाही. चहाच्या भेटीत ही सवड मिळत नाही, कारण कप रिकामा झाला की निघायचे की थांबायचे हा प्रश्न लगेच उभा राहतो. जेवणाला सुरुवात, मध्य आणि शेवट असतो, त्यामुळे लाजाळू माणसालाही कधी उठायचे ते ठाऊक असते.

मी एका टेबलाशी चौघांनाच बसवते. सहज चाललेल्या एका संभाषणात साधारण चार माणसेच टिकतात आणि संख्या त्याहून वाढली की गप्पा दोन गटांत फुटतात, हे मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार व त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवले आहे. पाचव्या खुर्चीवरचा माणूस मग दोन्ही गटांच्या मधे हसतमुखाने बसून राहतो आणि आला होता त्याहून एकटा होऊन घरी जातो. जागा निवडताना मी पदार्थांच्या ख्यातीपेक्षा शांततेला महत्त्व देते. मोठ्याने संगीत चालू असलेल्या ठिकाणी कमी ऐकू येणारी माणसे पहिल्या दहा मिनिटांत माघार घेतात, आणि त्यांनाच या टेबलाची सर्वाधिक गरज असते.

आता दुसऱ्या जेवणाविषयी. २०१८ मध्ये मानसशास्त्रज्ञ एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, अनोळखी माणसाशी बोलून झाल्यावर आपण समोरच्याला जितके आवडलो असे आपल्याला वाटते, त्यापेक्षा प्रत्यक्षात आपण त्याला अधिक आवडलेले असतो. टेबलावरून उठणारी चारही माणसे म्हणजे आपल्याविषयी उगाच वाईट ग्रह करून घेऊन घरी जातात, आणि त्यांना तसेच सोडले तर चौघेही दुसऱ्याच्या फोनची वाट पाहतात. संवादशास्त्राचे अमेरिकी प्राध्यापक जेफ्री हॉल यांच्या अभ्यासानुसार ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला सुमारे ५० तासांचा सहवास लागतो, तर जिवलग मैत्रीला २००हून अधिक. ‘टाइमलेफ्ट’सारखी ॲप अनोळखी माणसांची टेबले जुळवून देतात. घराबाहेर पडण्याचे धैर्य त्यातून मिळते, याचे मला मनापासून कौतुक आहे. परंतु प्रत्येक वेळी नवे चेहरे भेटले तर तासांची ही बेरीज कधी होतच नाही. म्हणून तेच चौघे, तोच वार आणि शक्यतो तेच टेबल, असा माझा आग्रह असतो, आणि पुढची तारीख मी बिल येण्याआधीच ठरवून घेते.

प्रत्येकाला याचा उपयोग होतो असे नाही. ज्याला जेवणाची वासनाच उरलेली नाही किंवा जगण्यात अर्थ वाटत नाही, त्याला टेबलाआधी डॉक्टरांची अथवा समुपदेशकाची गरज असते, आणि तसे दिसले तर मी ते स्पष्टपणे सांगते. मात्र जो एकदा येऊन गेला आणि दुसऱ्यांदा आला नाही, त्याला मी संदेश न पाठवता फोन करते. ‘मी फार बोललो’ किंवा ‘मी काहीच बोललो नाही’, या दोन कारणांपैकी एखादे बहुधा निघते. उरलेल्या तिघांनी त्याची चौकशी केली असेल, तर ती मी त्यांच्याच शब्दांत त्याच्यापर्यंत पोहोचवते. केली नसेल तर खोटे बोलत नाही, पुढच्या जेवणाचा वार आणि वेळ सांगून त्याची खुर्ची राखून ठेवली आहे एवढेच कळवते.