मात्रा गिळणारी फूटपट्टी आणि कॅसेट ७

आजीच्या कॅसेटवरचं बोलणं लिहून काढण्यासाठी मी व्हिस्पर हे बोलणं ऐकून मजकूर लिहिणारं मॉडेल फाइन-ट्यून करतेय, म्हणजे मराठीवर आणखी शिकवतेय. मागच्या नोंदीत त्याचा १९ टक्के डब्ल्यूईआर (चुकलेले शब्द भागिले एकूण शब्द) जाहीर केला होता. तो आकडा मी मागे घेतेय. खरा आकडा ४१ आहे. गेले तीन आठवडे हा फरक शोधण्यात गेले, म्हणून बाकीचं थोडक्यात आणि हे सविस्तर.

सापडलं ते कॅसेट ७ च्या ए बाजूवर. आजी बहात्तरच्या दुष्काळाचं सांगतेय, खडी फोडायला जायचे, सुकडी मिळायची ते. मध्येच ती म्हणते, "थोरला कामावर गेला, धाकटी घरी." मॉडेलनं लिहिलं, "थोरली कामावर गेली, धाकटा घरी." तीन शब्द सरळसरळ चुकले, आणि माझ्या तक्त्यात त्या ओळीपुढे चुका शून्य!

आधी वाटलं फायलींची सरमिसळ झाली असेल. तसं नव्हतं. एका तयार उदाहरणातून उचललेला नॉर्मलायझर, म्हणजे मोजण्याआधी मजकूर एकसारखा करणारा कोड, मी न वाचता लावला होता. तो युनिकोडमधल्या (संगणकात प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणारी पद्धत) एम, एस आणि पी या वर्गांतली सगळी चिन्हं काढून तिथे मोकळी जागा ठेवतो. पी म्हणजे विरामचिन्हं, एस म्हणजे इतर चिन्हं. ती गेली तरी चालतं. पण देवनागरीतले काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, अगदी हलन्तसुद्धा एम वर्गात येतात. म्हणजे 'मुलगा' आणि 'मुलगी' दोन्ही 'म लग' होतात. 'काका' आणि 'काकी' दोन्ही 'क क'. केला, केली, केले सगळे 'क ल'. मराठीत लिंग आणि वचन शब्दाच्या शेवटच्या स्वरात असतं, आणि नेमकं तेच मोजण्याआधी पुसलं जात होतं. शिवाय एका शब्दाचे दोन-तीन तुकडे होत असल्यानं भागाकारातली शब्दसंख्या फुगत होती. त्यानंही टक्केवारी आणखी खाली आली.

देवनागरीवर व्हिस्पर फाइन-ट्यून करणाऱ्या प्रत्येकानं आधी एक वाक्य नॉर्मलायझरमधून काढून डोळ्यांनी वाचावं. दोन मिनिटांचं काम आहे.

मात्रा परत आल्या आणि ४१ दिसला. मग एकेक चूक हातानं तपासायला बसले, तर वेगळाच प्रकार. 'दुसऱ्या' विरुद्ध 'दुसऱ्या', चूक. 'शेतकऱ्यांनी' विरुद्ध 'शेतकऱ्यांनी', चूक. स्क्रीनवर तंतोतंत एक, आत बाइट वेगळे. आपला अर्धा र, तो डोळ्याच्या पापणीसारखा दिसणारा, दोन रीतींनी लिहिता येतो: यू+०९३१ म्हणजे ऱ आणि पुढे हलन्त; किंवा साधा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर हे अदृश्य जोडचिन्ह. पहिल्यातला ऱ कधी कधी र अधिक नुक्ता (खालचा टिंब) असा सुटाही येतो. तेवढं एनएफसी, म्हणजे सुटी चिन्हं एक करण्याचा युनिकोडचा नियम, जोडून देतं. जॉइनरच्या प्रकाराला मात्र एनएफसी हात लावत नाही. माझ्या लेबलांत, म्हणजे मी ऐकून टाइप केलेल्या अचूक मजकुरात, दोन्ही होते, कारण निम्मी लेबलं मी फोनवर टाइप केली आणि निम्मी लॅपटॉपवर. आणि हा फरक सोडून देण्यासारखा नाही. 'आचार्यांना' म्हणजे गुरूंना, 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक्यांना. 'दर्या' समुद्र, 'दऱ्या' डोंगरातल्या. जॉइनर नुसता पुसला तर हे भेद जातात, म्हणून तो पुसायचा नाही, त्या जागी ऱ घालायचा.

तेवढं केल्यावर ४१ चा ३६ झाला. मॉडेल तेच, एक मिनिटही नवं प्रशिक्षण नाही. हे ५ टक्के मला त्या जुन्या १९ पेक्षा जास्त प्रिय आहेत.

हे लिहिता लिहिता लक्षात येतंय की मी ऱ फक्त मोजताना एक केला. प्रशिक्षणाच्या लेबलांत दोन्ही रूपं अजून तशीच आहेत! मजकुराचे टोकन, म्हणजे छोटे तुकडे, करणारा टोकनायझर बाइटवर चालतो, म्हणजे मॉडेल एकच अक्षर दोन वेगळ्या गोष्टी म्हणून शिकतंय. तेव्हा व्हिस्परच्या ७६९ दशलक्ष पॅरामीटरच्या (मॉडेलनं शिकलेले आकडे) मीडियम मॉडेलवर उडी मारण्याचा बेत रद्द. २४४ दशलक्षवालं स्मॉलच, तीच लोराची (थोडेच पॅरामीटर शिकवण्याची) मांडणी, पण लेबलं स्वच्छ करून. माझ्या १२ जीबीच्या ग्राफिक्स कार्डालाही तेच झेपतं.

मॉडेल आवाजाच्या एका तुकड्यासाठी जास्तीत जास्त ४४८ टोकन वापरू शकतं; त्या मर्यादेचा प्रश्न तुकडे ३० ऐवजी १५ सेकंदांचे करून सुटला. 'स्त्री' हे एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये १८ बाइट घेतं, त्यामुळे आजी भरभर बोलली की डिकोडरला (मॉडेलचा मजकूर लिहिणारा भाग) जागा पुरायची नाही. कॅसेट डेकचा नवा बेल्ट बसवला, स्क्रूड्रायव्हरनं हेडचा अ‍ॅझिमथ (टेपशी असलेला कोन) कानानं जुळवला, आणि टेपवरचा स आणि श पहिल्यांदा वेगळे ऐकू आले. त्या संध्याकाळी तीच दहा मिनिटं चार वेळा ऐकली. बेल्ट नेहमी मोजमाप देऊन मागवा. दुकानात 'सगळ्यांना बसतो' म्हणून दिलेला पहिला बेल्ट सैल निघाला.

डेटाबद्दल माझं मत: एआय४भारत या भारतीय भाषांवर काम करणाऱ्या गटाचा श्रुतिलिपी हा ध्वनी-मजकूर संच आकाशवाणीच्या बातम्यांवर उभा आहे, उच्चार स्वच्छ, प्रमाण भाषा. पाया म्हणून उत्तम. पण त्यावर शिकलेलं मॉडेल आजीचं 'व्हतं' ऐकून 'होते' लिहितं आणि 'न्हाय'चं 'नाही' करतं. मला हे नको आहे. तिनं जे म्हटलं तेच कागदावर यायला हवं. इंडिकव्हॉइसेस या दुसऱ्या संचामध्ये उत्स्फूर्त बोलणं आहे, त्यातला मराठी भाग आता मिसळणार. आणि दर तुकड्याला दोन ओळी ठेवणार: एक जशी उच्चारली तशी, दुसरी शोधण्यासाठी प्रमाण. गुण मोजायचे ते पहिल्या ओळीवर.

मोजणीही अक्षरागणिक करून बघायची आहे, कोडपॉइंटागणिक (युनिकोडच्या एकेका चिन्हागणिक) नव्हे. अक्षर कुठे तुटतं याच्या युनिकोडच्या जुन्या नियमानं 'क्ष'चे दोन तुकडे पडायचे. २०२३ च्या युनिकोड १५.१ पासून देवनागरी जोडाक्षर एक धरलं जातं. तुमच्या लायब्ररीत तो नियम आला आहे का, ते एकदा 'क्ष' देऊन तपासा.

आज रात्री लेबलांतला ऱ एक करून प्रशिक्षण लावतेय. सकाळी पहिल्यांदा कॅसेट ७ चं तेच वाक्य चालवणार. थोरला कामावर गेला की नाही, ते कळेल.