सगळी एकदमच उमलली?

“सगळी एकदमच उमलली होय गं?”

ठाण्याच्या जांभळी नाक्यावर गजरा ओवता ओवता मावशींनी माझा नवा चांदीचा हार हातात घेतला आणि एवढंच विचारलं.

21 मोगरे. प्रत्येक पाकळी सारख्या मापाची, आणि त्याचाच तर मला केवढा अभिमान! (92.5 टक्के चांदी, तीन आठवडे खपलेय, हेही सांगून झालं होतं.) मावशींच्या टोपलीत मात्र नुसत्या कळ्या. संध्याकाळी उमलतील, कुणाच्या तरी केसांत.

घरी येऊन कडीजवळची चार फुलं उतरवली, तापवून मऊ केली, चिमट्यानं हळूहळू मिटवत गेले. एका पाकळीचा डाख (धातूचा जोड) सुटला, ती हातातच आली.

हार आता जरा वाकडा दिसतोय. उद्या मावशींना असाच दाखवू, की आधी पाकळी जोडून घेऊ?