माझ्या पहाऱ्यात कुणीतरी झोपलं होतं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. निवृत्त झाल्यापासून हा प्रश्न कितीतरी जणांनी विचारला आहे : "इतकी वर्षं फौजेत काढलीत, पण तुम्हाला स्वतःला काय मिळालं?" विचारणारे बहुतेक वेळा आईबाप असतात. लेक किंवा मुलगा भरतीसाठी पहाटे धावायला जातो आणि यांचा जीव थाऱ्यावर नसतो. आपल्या लेकराच्या पदरात काय पडेल, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं असतं. मला त्यात स्वार्थ दिसत नाही. तो विचारायलाच हवा असा प्रश्न आहे.

पगार, पेन्शन, कसलेलं शरीर, वेळेची सवय हे सगळं मिळतं. त्याची माहिती तुम्हाला कुठेही मिळेल. मी सांगणार आहे ते एका रात्रीपासून सुरू होतं.

पहिल्यांदा एकटा पहाऱ्यावर उभा राहिलो तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. मागे तंबूत बाकीचे झोपलेले, पुढे काळोख. उस्तादांनी शिकवलेलं सगळं मनात घोळवत होतो. उजेडातून अंधारात आल्यावर डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि क्षणभर काडी पेटवली तरी ती सगळी मेहनत वाया जाते. नकाशा बघायचाच झाला तर मंद लाल उजेडात बघायचा. अंधारात कशाकडेही रोखून पाहायचं नाही, नजर जराशी बाजूला ठेवायची, कारण मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या ऐन मध्यात नसतातच. रोखून पाहिलं की समोरचं झुडूप विरून जातं, नाहीतर हलल्यासारखं वाटतं. मी रोखून पाहिलं आणि ते हललं. छातीत धडधड सुरू झाली. मग नजर बाजूला नेली, श्वास मोजले, आणि झुडूप पुन्हा झुडूप झालं.

तेवढ्यात मागून कुणाच्यातरी घोरण्याचा आवाज आला. तो आवाज मी आजही विसरलेलो नाही. दिवसभराच्या चालीने मोडून गेलेला एक माणूस, माझ्याहून वयाने आणि अनुभवाने मोठा, बूट न काढता गाढ झोपला होता, कारण बाहेर मी उभा होतो. घरी मी शेंडेफळ होतो. तोवर माझ्या भरवशावर कुणी काहीच सोडलेलं नव्हतं.

दोन तासांनी मला सोडवायला दुसरा आला. मी आत जाऊन पडलो. भीती अजून अंगात होती, झोप येईल असं वाटत नव्हतं. पण तो बाहेर उभा आहे एवढं मनात आलं आणि डोळा लागला. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर याच दोन गोष्टींत आहे : माझ्या पहाऱ्यात कुणीतरी झोपलं, आणि कुणाच्यातरी पहाऱ्यात मी झोपलो.

पुढे बर्फाळ ठाण्यावर हेच पुन्हा शिकलो, वेगळ्या रीतीने. तिथे प्रत्येकाला एक जोडीदार असतो, आम्ही त्याला बडी म्हणतो. हिमदंश होऊ लागला की त्वचा आधी बधिर होते, त्यामुळे ज्याला होतो त्याला कळतच नाही. आणि स्वतःचा चेहरा स्वतःला दिसत नाही. नाकाच्या शेंड्यावर पांढुरका डाग पडतो, तो समोरच्यालाच दिसतो. म्हणून थोड्या थोड्या वेळाने एकमेकांसमोर उभं राहायचं आणि नाक, गाल, कान नीट निरखायचे. "बघ रे," मी म्हणायचो. "ठीक आहे, आता माझं बघ," तो म्हणायचा. इतक्या लक्षपूर्वक माझ्या चेहऱ्याकडे आयुष्यात फार थोड्या माणसांनी पाहिलं असेल.

ही पद्धत जुनी आहे. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या चिखलपाण्यात उभं राहून सैनिकांचे पाय सडत. पाणी गोठण्याइतकी थंडी नसली तरी सडत. तेव्हा जोड्या लावून प्रत्येकाला दुसऱ्याच्या पायांची जबाबदारी दिली जायची : पाय कोरडे करायचे, चोळायचे, मोजे बदलले का ते पाहायचं. माणूस स्वतःच्या दुखण्याकडे काणाडोळा करतो, पण सोपवलेल्या पायांकडे करत नाही. मी हे स्वतःवरून सांगू शकतो.

कुणी विचारतं, "पण मुलाचं यंत्र नाही ना होणार? सगळे एका तालावर चालणारे?" त्यांना मी पुलाची गोष्ट सांगतो. 1831 साली इंग्लंडमध्ये सॅलफर्डजवळच्या ब्रॉटन इथे सत्तरेक सैनिक पावलाला पाऊल लावून झुलत्या पुलावरून निघाले. पूल त्यांच्याच तालावर डोलू लागला आणि कोसळला. बरेच जखमी झाले, सुदैवाने जीव कुणाचा गेला नाही. 1850 मध्ये फ्रान्समधल्या आंजे इथे वादळात असाच झुलता पूल तुटला आणि दोनशेहून जास्त सैनिक दगावले. म्हणून पूल आला की ताल मोडायचा, ज्याने त्याने आपल्या पावलांनी चालायचं, हा नियम सैन्यात मुरलेला आहे. महिनोन्महिने पावलं जुळवायला शिकवणारे उस्ताद पुलाच्या तोंडाशी ती मोडायला सांगत. तेही शिक्षणच होतं.

सगळ्यांना हे मिळतंच असं नाही. स्वतः गरम कपड्यात राहून जवानांचे पाय कधी न पाहणारा वरिष्ठही माझ्या वाट्याला आला. अशा ठिकाणी माणूस फक्त दिवस मोजतो. आणि जे मिळतं त्याची किंमत घरचे भरतात, हे मला स्पष्ट सांगायला हवं. मुलगी लहान असताना मी रजेवर आलो की ती आईमागे लपायची. तिची भीड चेपेपर्यंत रजा संपलेली असायची. वडील गेले तेव्हा मी तिसऱ्या दिवशी पोचलो. आमच्यातला एक जण परतला नाही, त्याची आई मला अजून "आलास का" असं म्हणूनच दार उघडते. यातलं काहीही मी दुसऱ्या पारड्यात टाकून तोललेलं नाही, आणि तोलणारही नाही.

निवृत्तीनंतर पहिलं वर्ष जड गेलं. कामावरची माणसं चांगली होती, पण संध्याकाळी जो तो आपल्या घरी जायचा. रात्री जाग आली की वाटायचं, आता बाहेर कोण उभं आहे? हळूहळू ते कमी झालं. पुढे बायकोच्या आजारपणात रुग्णालयात तिच्या उशाशी रात्री बसलो तेव्हा मात्र शरीराला सगळं आठवलं : न पेंगता कसं बसायचं, श्वासाचा आवाज कसा ऐकायचा. ती म्हणाली, तू बसलास की मला झोप लागते.

माझ्या त्या बर्फातल्या बडीला आता मधुमेह आहे. पायांतली संवेदना गेली आहे, लहानशी जखम झाली तरी त्याला समजत नाही. डॉक्टरांनी रोज तळवे तपासायला सांगितलंय, पण वाकून त्याला नीट दिसत नाही आणि घरी तो एकटाच असतो. रोज रात्री नऊ वाजता तो व्हिडिओ कॉल लावतो, फोन पायापाशी धरतो. मी चष्मा लावून एक एक बोट, बोटांमधली जागा, टाच बघतो.

"बघ रे," तो म्हणतो.

"ठीक आहे," मी म्हणतो. "आता दुसरा."