तुम्ही विचारलंत म्हणून : हे बँड मला सापडले कुठे?

घरी येणारं माणूस सीडींच्या फडताळापुढे थबकतं आणि म्हणतं, "ह्यातलं एक नाव ओळखीचं असेल तर शपथ! हे बँड मिळाले कुठे तुम्हाला?" परवा तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा बैजवार सांगते.

शिकागोला शिकत होते. जुन्या सीडींच्या दुकानात 'पॉपटोपिया'चा सत्तरच्या दशकाचा भाग हाती लागला. ऱ्हायनो कंपनीने १९९७ साली पॉवर पॉपचे असे तीन संग्रह काढले होते, दर दशकाचा एक. पॉवर पॉप म्हणजे बीटल्सच्या वळणाची गोड चाल, दोन-तीन गळे एकत्र, पण गिटार कडक आणि ड्रम दणदणीत. तीन-साडेतीन मिनिटांत गाणं संपतंसुद्धा. लहानपणी घरी भावगीतांच्या निवडक कॅसेट असायच्या, एकीवर चार-पाच गायक. त्यामुळे अनेकांचं मिळून एक ही सवय कानाला होतीच.

त्या सीडीवर बिग स्टारचं 'सप्टेंबर गर्ल्स' होतं. पहिली गिटार झणझणली आणि हातातलं काम हातातच राहिलं. मेम्फिसचा बँड, १९७४चं गाणं. चाल इतकी सुरेख, पण वितरणाच्या घोळात रेकॉर्ड धड दुकानांपर्यंत पोचलीच नाही. लोकांनी नाकारलं असतं तर समजू शकले असते. त्यांच्या कानावरच पडलं नाही, ह्याची हळहळ अजून जात नाही.

शूज हा बँड त्याच सीडीवर भेटला. हे झायनचे, म्हणजे शिकागोच्या उत्तरेला मिशिगन सरोवराकाठच्या छोट्या गावातले. १९७७चा 'ब्लॅक व्हायनिल शूज' त्यांनी घरीच, चार ट्रॅकच्या टेपमशीनवर ध्वनिमुद्रित केला. गिटार करकरत असते आणि गाणारा मात्र कानाशी बोलल्यासारखा गातो. शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय असं वाटावं.

आणि ट्वेंटी-ट्वेंटी ह्या बँडचं 'यलो पिल्स'. सेंट लुइसच्या जॉर्डन ओक्सने ह्या गाण्याचंच नाव आपल्या फॅन्झीनला, म्हणजे चाहत्याने स्वतःच काढलेल्या मासिकाला दिलं, पुढे आपल्या संग्रहांनाही. त्यातला 'प्रीफिल' हा दोन सीडींचा संग्रह २००५ साली शिकागोच्याच न्यूमेरो ग्रुपने काढला. माझं खरं शिक्षण त्यावर झालं. कुणी पदरच्या पैशांनी एखादी सिंगल, म्हणजे एक-दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड छापली, चार गावांत वाजवली आणि बँड मोडला. अशांचा अल्बम शोधायचा तरी कुठे? त्यांची गाणी राहणार ती असल्या संग्रहातच, तेही कुणीतरी जुन्या सिंगल्सच्या खोक्यांत वर्षानुवर्षं हात काळे केले म्हणून.

सीडीबरोबरच्या पुस्तिकेतला बारीक टाइप डोळ्यांजवळ धरून वाचायचा, नावाखाली पेन्सिलीने रेघ मारायची, पुढच्या खेपेला दुकानात ते नाव धुंडाळायचं. बस, एवढंच केलं. पुस्तिका अजून आहे, घडीवर फाटलीय. आयोवाच्या लक्झरी ह्या बँडच्या 'ग्रीन हार्ट्स'खाली दोन रेघा आहेत. रविवारी याल तेव्हा तेच आधी लावते.