आधी जन्मतारीख, मग स्वभाव

किशोरवयीन पात्राची तयारी करताना मी स्वभाव, दिसणं, आवडीनिवडी हे सगळं बाजूला ठेवते आणि आधी दोनच गोष्टी पक्क्या करते: जन्मतारीख आणि तालुका. नुसतं ‘दहावीतली मुलगी’ म्हणून भागत नाही. एका वर्षाच्या फरकाने कथेतले प्रसंगच बदलतात.

समजा, मुलगी जुलै 2003 ची आहे. जून 2009 ला पहिलीत, मार्च 2019 ला दहावीची परीक्षा. अभ्यासक्रम त्याच वर्षी बदललेला, म्हणून मोठ्या बहिणीची गाइडं तिच्या कामाची नाहीत. भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे 20 गुणही त्या वर्षी बंद होते. राज्याचा निकाल 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर घसरला. पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि निकाल 95.30 टक्के लागला. आता हिला 68 टक्के आणि वर्षाने लहान चुलतभावाला 79 टक्के दाखवले, तर घरात जी तुलना होईल ती हिच्यावर अन्याय करणारी आहे. घरातल्या कुणाला ते कळो न कळो, लिहिणाऱ्याला कळलंच पाहिजे.

त्या चुलतभावाचा भूगोलाचा पेपर 23 मार्च 2020 ला होता, कोरोनामुळे तो झालाच नाही. बाकीच्या पेपरांच्या सरासरीवरून गुण दिले गेले. शेवटचा पेपर सुटल्यावर शाईचे हात घेऊन सगळे वडापाव खायला निघाले, हा हुकमी प्रसंग त्या बॅचसाठी लिहिता येत नाही. त्यांच्यानंतरची, 2021 ची बॅच तर परीक्षेलाच बसली नाही. 100 पैकी 50 गुण नववीच्या निकालावरून, 30 दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनातून आणि 20 गृहपाठ, तोंडी, प्रात्यक्षिक यांतून आले. ‘नववी काय, दहावीत बघू’ म्हणणाऱ्या मुलाची गोची इथे आपोआप तयार होते, वेगळी रचावी लागत नाही. अकरावीसाठी जाहीर झालेली सीईटीही ऑगस्ट 2021 मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली. तिच्यासाठी घासलेला अभ्यास वाया गेला, हा आणखी एक धागा.

हे सगळं मी वहीत आडव्या रकान्यांत मांडते: साल, इयत्ता, वय, हातातला फोन, घरात काय चाललंय. जिओ सप्टेंबर 2016 ला आलं, तेव्हा आपली मुलगी आठवीत. टिकटॉक 29 जून 2020 ला बंद झालं, म्हणून 2021 च्या प्रसंगात तिने टिकटॉक व्हिडिओ केला की गाडी रुळावरून घसरते. अशा चुका बहुधा आपल्या भाच्याचं आजचं वागणं पाच वर्षं मागे नेऊन चिकटवल्यामुळे होतात.

तालुका ठरला की प्रवास ठरतो. गावातून एसटीने हायस्कूलला जाणाऱ्या मुलीला अहिल्यादेवी होळकर योजनेत पास मोफत. मुलाला 66.67 टक्के सवलत, म्हणजे एक तृतीयांश पैसे भरायचेच. एकाच थांब्यावर उभ्या असलेल्या बहीण-भावात महिन्याच्या सुरुवातीला पैसे फक्त त्याला मागावे लागतात. सोळाव्या वर्षी अ‍ॅक्टिव्हा चालवणारं पात्र असेल, तर चौकातला पोलीस दिसला की त्याने गल्लीत वळायला हवं. त्या वयात लायसन्स मिळतं ते बिनगिअरच्या 50 सीसीपर्यंतच्या गाडीचं. अ‍ॅक्टिव्हा त्यात बसत नाही, आणि मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

सगळ्यात जास्त वेळ मी बोलीला देते. कोल्हापूरकडच्या मुली ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. पुण्यातला लिहिणारा ती चूक समजून ‘मी आले’ करतो आणि पात्र तिथंच मरतं. पण तीच मुलगी बाईंसमोर उत्तर द्यायला उभी राहिली की पुष्कळदा ‘आले’वर येते. हा बदल पकडला तर ‘ती शाळेत बुजायची’ असं वेगळं वाक्य लिहावं लागत नाही.

मुलांशी बोलायचं ते शाळेच्या आणि पालकांच्या परवानगीने, चार-पाच जणांच्या गटात, फार तर 40 मिनिटं. नावं टिपायची नाहीत. ‘तुला काय वाटतं?’ विचारलं की निबंधातली उत्तरं मिळतात. ‘काल शाळा सुटल्यावर आधी काय खाल्लं? पैसे कुणी दिले? उरलेले कुठं ठेवले?’ असं विचारलं की घर दिसायला लागतं. ‘भावा’, ‘विषय हार्ड’ असे शब्द जपून वापरावेत, पानाला एखादा पुरतो. वर्षभरात ते शिळे होतात आणि छापून यायला त्याहून जास्त वेळ लागतो.

शेवटी संवादाची पानं त्याच वयाच्या दोघांना मोठ्याने वाचायला देते. अडखळले तिथं मी खूण करते. ओळ मनानेच बदलून वाचली, तर त्यांची ओळ ठेवते.