दोन वाजता या, म्हणजे आठ वाजता

इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबात येऊन आम्हाला जेमतेम तीन आठवडे झाले होते. स्वतःच्या हातच्या खिचडीचा कंटाळा आला होता, म्हणून नवऱ्याने ऑफिसातल्या एकाने सांगितलेल्या छोट्या इटालियन हॉटेलात फोन करून शुक्रवारचं टेबल ठेवायला सांगितलं. समोरचा म्हणाला, दोन वाजता या. आम्ही आपले दुपारी दोनला टॅक्सी करून हजर, तर खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या आणि एक मुलगा फरशी पुसतोय! त्याला आमची दया आली असावी, त्याने घड्याळावर बोट फिरवून समजावलं. इथे दिवस आपल्या सकाळच्या सहाला सुरू होतो, सातला एक वाजतो, रात्री पुन्हा तसंच. म्हणजे आमचे दोन, रात्रीचे आठ. मग काय, घरी जाऊन उरलेली खिचडीच खाल्ली.

रात्री परत गेलो. आठ-दहा टेबलं, जाड पडदे, बाहेर चांगलीच थंडी (शहर साधारण २३५० मीटर उंचावर आहे, आफ्रिका म्हणजे उकाडा हे डोक्यातून काढून टाका) आणि आत लसूण तेलात पडल्याचा वास. मी शाकाहारी, त्यामुळे कुठेही गेलं की माझी उलटतपासणी सुरू होते, यात चिकन आहे का, त्यात अंडं आहे का. इथे वेटरने मला मधेच थांबवून विचारलं, त्सोम?

त्सोम म्हणजे उपवास. इथले ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन बुधवारी आणि शुक्रवारी मांस, अंडी, दूध काही खात नाहीत. मी जोरात मान हलवली. मग त्यानेच सांगितलं की ताजा पास्ता नको, त्यात अंडं असतं, स्पॅगेटी घ्या, टोमॅटो सॉसमधली. इतकी काळजी माझी पुण्यातही कुणी घेतली नव्हती हो! पण मी पडले हावरट, वरून चीज मागितलं. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला, साबुदाण्याच्या खिचडीवर कुणी कांदा मागावा तसा. चीज आलं, पण वेगळ्या वाटीत, आणि माझ्यापासून जरा लांबच ठेवलं त्याने.

सॉसमध्ये बरबरे होतं, तिकडचा लाल मसाला, त्यामुळे शेवटी जिभेला छान चटका. शेजारचं कुटुंब तर पास्ता इंजेरात (इथली आंबट, डोशासारखी मऊ भाकरी) गुंडाळून हाताने खात होतं. उशीर का लागला असं वेटरला विचारलं तर उंचीमुळे पाणी ९२ डिग्रीलाच उकळतं, पास्त्याला वेळ लागतो म्हणाला. माझ्या पातेल्यातल्या भातात कणी का राहते ते असं स्पॅगेटी खाताना कळलं.

गंमत म्हणजे १८९६ साली अडवाच्या लढाईत या इथिओपियन लोकांनी इटलीला धूळ चारली, त्याची अजून दरवर्षी सुट्टी असते. मग १९३६ ते ४१ इटालियन येऊन बसले आणि गेले. पास्ता राहिला, छोट्या ग्लासातली माकियातो राहिली (कॉफी मात्र ह्यांचीच, आणि काय कॉफी!).

बिल देऊन निघालो तर तो दुपारचा फरशी पुसणारा मुलगा दाराशी उभा. माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघून फिस्सकन हसला आणि इटालियनमध्ये निरोप घेत म्हणाला, चाओ!