पहिली एसी लोकल, एचओमध्ये: छप्पर चढलं

माझ्या एचओ (म्हणजे १:८७ प्रमाणातल्या) मॉडेलच्या बाराही डब्यांच्या भिंती उभ्या राहिल्या, आता छप्पर. आयसीएफ (चेन्नईचा रेल्वे डबा कारखाना) आणि भेल (सरकारी वीज-उपकरण कंपनी) यांच्या त्या पहिल्यावहिल्या रेकचं, म्हणजे अख्ख्या गाडीचं, मॉडेल करायचं तर खरी गोम छपरातच आहे.

जुन्या मंडळींना आठवत असेल, रेक एप्रिल २०१६मध्ये चेन्नईहून कुर्ला कारशेडला आला तो मध्य रेल्वेवर धावायला. पण उंची ४,३३५ मिमी, आपली नेहमीची लोकल ४,२७०. सीएसटी-कुर्ला पट्ट्यातल्या ब्रिटिशकालीन ठेंगण्या पुलांशी काही जमेना. चाचण्या लांबत गेल्या, २०१७मध्ये रेक पश्चिम रेल्वेकडे गेला आणि २५ डिसेंबरला बोरिवली-चर्चगेट पहिली फेरी झाली. देशातली पहिली एसी लोकल कुठे धावणार, ते ६५ मिलिमीटरनी ठरवलं!

तेच ६५ आता ८७नं भागा: जेमतेम पाऊण मिलिमीटर. एवढ्यासाठी कशाला मरमर, साध्या लोकलचं छप्पर बसव, असा सल्ला मिळाला होता. ऐकला नाही. अर्धा मिमी आणि पाव मिमी स्टायरीनच्या (प्लास्टिकच्या) पट्ट्या एकावर एक चिकटवल्या, रात्रभर वजनाखाली ठेवल्या, मग कडा बारीक फाइलनं घासून भिंतीशी सपाट केल्या. प्रायमरच्या पहिल्या हातानंतर सांधा दिसत नाही. शेजारी सीमेन्सचा, म्हणजे साध्या लोकलचा, रेक ठेवला की फरक नजरेला कळत नाही, पण छपरावरून बोट फिरवलं की लागतो. मला तेवढं पुरे.

गेजचं (दोन रुळांमधल्या अंतराचं) रडगाणं नेहमीचंच. १,६७६ मिमीचा रूळ १९.३ मिमीचा हवा, बाजारात मिळतो १६.५चा. ३.६६ मीटर रुंदीचा डबा त्यावर तोल सावरत उभा असल्यासारखा वाटतो. शेल्फवरच राहणार आहे म्हणून सोडून दिलं.

पुढचं काम व्हेस्टिब्यूल, म्हणजे एका डब्यातून दुसऱ्यात जायची वाट. सहा-सहा डबे आतून जोडलेले, सहाव्या-सातव्यामध्ये वाट नाही. म्हणजे दहाच करायची.

मध्य रेल्वेला पुढे ४,२७०वाले एसी रेक मिळाले, डिसेंबर २०२०मध्ये सीएसएमटी-कल्याणही सुरू झालं. मे २०२२ला एकेरी तिकीट निम्म्यावर आल्यावर तर एसीत उभं राहायलाही जागा मिळेना. पण मॉडेल मी २०१७चंच करतोय, त्यामुळे इंडिकेटरवर चर्चगेट.